माल कमी, तरी भाव का नाही? कापूस, केळी आणि अर्थमितीची समीकरणं

पाऊस दगा देतो, कापसाच्या कळ्या झडतात म्हणजे पातेगळ होते, एकरी दहा क्विंटलचा उतारा सहावर येतो, आणि तरीही बोदवडच्या जिनिंगवर कापसाचा भाव जागचा हलत नाही. अशा वर्षी अमळनेर-पारोळ्याच्या बाजूला "काय भाव शे?" या प्रश्नाला लागूनच दुसरा प्रश्न येतो: माल कमी आहे ना, मग भाव का चढत नाही? आणि रावेर-सावद्याकडे वादळानं केळीच्या बागा आडव्या झाल्या, तर उभ्या राहिलेल्या बागांतल्या केळीला लगेच भाव सुटतो. जळगाव जिल्हा एकच, दोन्ही पिकांत माल घटला, पण एका ठिकाणी भाव वर गेला आणि दुसऱ्या ठिकाणी जागच्या जागी राहिला.

याचं ढोबळ उत्तर बाजारात उठबस असलेल्या कुणालाही ठाऊक आहे. आपली बहुतेक केळी उत्तर भारतात खपते, ती साठवून ठेवता येत नाही, त्यामुळे रावेरला माल तुटला की दिल्लीकडे लगेच जाणवतं. कापसाचा भाव मात्र जगाच्या बाजाराला बांधलेला आहे आणि त्या बाजारात खानदेशचा वाटा लहान आहे. आपल्याकडचा दुष्काळ तिकडे कुणाच्या गावीही नसतो. पण "बांधलेला आहे" म्हणजे किती बांधलेला? पूर्ण की निम्मा? तिकडे भाव हलल्यावर इकडे किती दिवसांनी हलतो? आयात शुल्क काढलं तर क्विंटलमागे नेमके किती रुपये पडतात? या प्रश्नांना ढोबळ हिशेबानं उत्तर देता येत नाही. त्यासाठी जे शास्त्र आहे ते इकॉनॉमेट्रिक्स, मराठीत अर्थमिती.

कल्पना साधी आहे. मागच्या वीस-पंचवीस वर्षांच्या नोंदी घ्यायच्या: कापसाचा भाव, आवक, पाऊस, सरकीचा दर, डॉलरचा दर, न्यूयॉर्कच्या वायद्याचा, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्याचा, भाव. कापसाचा भाव समीकरणाच्या एका बाजूला ठेवायचा, बाकीची कारणं दुसऱ्या बाजूला. मग असे आकडे शोधायचे की त्या कारणांवरून काढलेला भाव आणि प्रत्यक्ष मिळालेला भाव यांच्यातला फरक सगळी वर्षं मिळून कमीत कमी राहील. या आकड्यांना गुणक म्हणतात. समजा सरकीचा गुणक ०.५ आला, तर त्याचा अर्थ असा की बाकी सगळं जसंच्या तसं असताना सरकी क्विंटलमागे १०० रुपयांनी वाढली, तर कापूस ५० रुपयांनी वाढतो.

सगळी मेख "बाकी सगळं जसंच्या तसं असताना" या शब्दांत आहे. बाजारात कोणतीच गोष्ट जशीच्या तशी राहत नाही. सरकी वाढते त्याच आठवड्यात रुपया घसरतो, पाऊस लांबतो, सरकार एखादी अधिसूचना काढतं. माणसाच्या डोक्यात या सगळ्याची गुंतवळ होते आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचं कारण खरं ठरतं. अर्थमितीचं मोल मला इथे वाटतं. ती पुढच्या महिन्याचा भाव अचूक सांगेल, या आशेनं तिच्याकडे पाहणाऱ्यांची निराशाच होते. एकाच वेळी घडलेल्या दहा गोष्टींतून प्रत्येकीचा वाटा वेगळा काढून दाखवणं, हे तिचं खरं काम आहे. आणि ज्याचं वर्षभराचं उत्पन्न एका भावावर ठरतं, त्याला हे वाटे कळणं अंदाजापेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

एका क्विंटलचा हिशेब

समीकरणाकडे जाण्याआधी साधा हिशेब मांडू, कारण प्रारूप (समीकरणांचं मॉडेल) चांगलं आहे की वाईट हे ओळखायला तो लागतो.

एक क्विंटल कापूस जिनिंगला गेला की त्यातून साधारण ३४ किलो रुई आणि ६४ किलो सरकी निघते, बाकी घट. पहिल्या वेचणीच्या चांगल्या मालात रुई ३५-३६ किलोपर्यंत जाते, कवडीत, म्हणजे किडक्या-डागी कापसात, खूप कमी बसते. समजा न्यूयॉर्कला रुई पौंडाला ७० सेंट आहे आणि डॉलर ८६ रुपयांना. एका किलोत २.२ पौंड, म्हणजे किलोला १५४ सेंट, म्हणजे सुमारे १३३ रुपये. ३४ किलोचे झाले ४,५०० रुपये. सरकी क्विंटलला ३,५०० रुपयांनी धरली तर ६४ किलोचे २,२४० रुपये. बेरीज पावणेसात हजारांच्या घरात. त्यातून जिनिंग-प्रेसिंग, वाहतूक, हमाली, व्यापाऱ्याचा नफा वजा जातो आणि उरतो तो शेतकऱ्याच्या हातात पडणारा भाव.

आता यातली एकेक गोष्ट हलवून पाहा. न्यूयॉर्कला एक सेंट वाढला की क्विंटलमागे ६४ रुपये वाढायला हवेत. डॉलर एक रुपयानं महागला की ५२ रुपये. सरकी क्विंटलला १०० रुपयांनी चढली की पुन्हा ६४ रुपये. म्हणजे सरकीतली शंभराची तेजी आणि न्यूयॉर्कचा एक सेंट यांचं वजन आपल्या क्विंटलवर सारखंच पडतं. सगळ्यांचं लक्ष वायद्याकडे असतं, पण ढेप आणि सरकी तेलाच्या बाजाराकडे तितकं लक्ष जात नाही. माझ्या मते ते जायला हवं. दुभत्या जनावरांचा खुराक आणि खाद्यतेलाची आयात या दोन गोष्टी कापसाच्या भावाचा जवळपास तिसरा हिस्सा ठरवतात.

आणि आयात शुल्क? ते ११ टक्के आहे असं धरलं तर रुईच्या ४,५०० रुपयांवर सुमारे ५०० रुपये होतात. शुल्क पूर्ण काढलं आणि त्याचा परिणाम पूर्णपणे शेतकऱ्यापर्यंत पोहोचला, तर क्विंटलमागे पाचशेचा फटका.

इथपर्यंतचा हा सगळा जमाखर्च झाला. यात "वाढायला हवेत" हा शब्दप्रयोग येतो. प्रत्यक्षात किती वाढतात, हे नोंदींना विचारावं लागतं आणि तिथून अर्थमिती सुरू होते. समजा नोंदींवरून गुणक ६४ ऐवजी ४० आला. मग बाकीचे २४ रुपये कुठे मुरतात हा प्रश्न उभा राहतो. गिरण्या देशातला साठा आधी वापरतात म्हणून, की आपली आणि तिकडची प्रत वेगळी म्हणून, की गावात खरेदी करणारे मोजकेच आहेत म्हणून? गुणक स्वतः उत्तर देत नाही, पण कुठे खणायचं ते दाखवतो.

दोन बाजारांच्या अशा नात्यासाठी एक खास पद्धत आहे. न्यूयॉर्कचा भाव आणि जळगावचा भाव दोन्ही वर्षानुवर्षं भरकटत असतात, पण एकमेकांपासून फार लांब जाऊन कायमचे तिकडेच राहत नाहीत. अंतर वाढलं की ते हळूहळू पुन्हा जवळ येतात. क्लाइव्ह ग्रेंजर आणि रॉबर्ट एंगल या अर्थतज्ज्ञांनी १९८० च्या दशकात हे नातं मोजण्याची रीत बसवली, आणि २००३ साली अर्थशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं. ग्रेंजर यांचं नोबेल नेमकं याच कामासाठी होतं. त्यांच्या पद्धतीनं दोन आकडे हाती येतात. लांबच्या पल्ल्यात तिकडच्या एका रुपयामागे इकडे किती, हा पहिला. वाढलेलं अंतर आठवड्याला किती टक्के भरून निघतं, हा दुसरा.

दुसऱ्या आकड्यात आपल्याकडची एक जुनी तक्रार तपासता येते. भाव उतरला की दुसऱ्याच दिवशी उतरतो आणि चढला की गावात यायला आठवडा लागतो, असं शेतकरी पिढ्यानपिढ्या म्हणत आले आहेत. व्यापारी म्हणतात, तसं काही नाही. चढतीचे आठवडे वेगळे आणि उतरतीचे वेगळे धरून समीकरण बसवलं की खरं काय ते आकड्यांत दिसतं. जगभर अनेक शेतमालांवर असे अभ्यास झाले आहेत. कापसाच्या बाबतीत तालुक्या-तालुक्याचा असा अभ्यास नियमित व्हावा असं मला मनापासून वाटतं, कारण हा वाद भाषणांनी कधीच मिटणार नाही.

कारण आणि परिणाम एकमेकांत अडकतात तेव्हा

आता केळीकडे येऊ. इथे एक मोठी अडचण आहे आणि ती समजली की अर्थमिती निम्मी समजली असं म्हणायला हरकत नाही.

रावेर बाजाराच्या रोजच्या नोंदी घेतल्या, आवक आडव्या रेषेवर आणि भाव उभ्या रेषेवर मांडून ठिपके दिले, तर त्या ठिपक्यांतून कोणती रेषा निघेल? वाटतं की आवक वाढली तर भाव पडेल, म्हणजे उतरती रेषा मिळेल. पण नवरात्रात, श्रावणात, रमजानमध्ये मागणी वाढते. भाव चढतो आणि भाव चढला म्हणून कापणीही जोरात होते. त्या दिवसांत आवकही जास्त आणि भावही जास्त. आंबा बाजारात आला किंवा उत्तरेत कडाक्याची थंडी पडली की मागणी बसते, कापणी थांबते, आवक आणि भाव दोन्ही खाली. हे सगळे ठिपके एकत्र केले तर रेषा उलटी चढतीसुद्धा निघू शकते, आणि अभ्यासक खुशाल सांगेल की माल वाढवला की भाव वाढतो!

ही चूक प्रत्यक्षात झालेली आहे. अमेरिकेत हेन्री मूर यांनी १९१४ साली कच्च्या लोखंडाच्या आकडेवारीवरून असाच निष्कर्ष काढला होता की लोखंडाचा भाव चढला तर मागणी वाढते. (हेच मूर पुढे पावसावरून आणि तापमानावरून कापसाच्या उत्पादनाचा अंदाज बांधणारे पहिल्या फळीतले अभ्यासक ठरले, हेही सांगायला हवं.) त्यांना दिसत होती ती मागणीची रेषा नव्हती. मागणी स्वतःच वरखाली होत होती आणि ठिपके पुरवठ्याच्या रेषेवर पडत होते.

यातून वाट काढली अमेरिकेचेच अर्थतज्ज्ञ फिलिप राइट यांनी, १९२८ साली. त्यांचा विषय होता लोणी आणि जवस. त्यांचं म्हणणं असं: मागणीची रेषा शोधायची असेल, तर भावातले असेच चढउतार निवडा जे फक्त पुरवठ्याच्या बाजूनं आले. जवसाच्या बाबतीत एकरी उतारा हे असं कारण होतं. हवामानामुळे पीक कमी आलं, याचा जवस विकत घेणाऱ्याच्या गरजेशी काही संबंध नाही. म्हणून त्या कारणानं माल घटला असताना भाव जितका वाढला, तेवढी खरी मागणीची खूण.

रावेर-यावल पट्ट्यात अशी कारणं दरवर्षी समोर असतात. मे-जूनमधलं वादळ. पावसाळ्यात लागवडीच्या कोवळ्या रोपांवर येणारा सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग, ज्यात शेतकरी रोपं उपटून फेकतात. डिसेंबर-जानेवारीची थंडी, जिच्यामुळे घडांची वाढ मंदावते. दिल्लीच्या ग्राहकाला आज केळी खावीशी वाटते की नाही, याच्याशी खानदेशातल्या वादळाचा संबंध नाही. म्हणून वादळामुळे घटलेली आवक आणि तिच्यामुळे चढलेला भाव एवढाच धागा पकडला, तर माल दहा टक्क्यांनी घटला की भाव किती टक्के चढतो हे शोधता येतं. थंडीच्या बाबतीत मात्र सावध राहावं लागतं. तीच थंडीची लाट उत्तरेतही असली तर ती मागणीलाही हात लावते, आणि मग ते कारण निरुपयोगी होतं. कोणतं कारण कुणाला शिवतं आणि कुणाला नाही, हे संगणकाला कळत नाही. ते बागेत आणि बाजारात वावरलेल्या माणसाला कळतं. म्हणून मला नेहमी वाटतं की शेतमालाची चांगली प्रारूपं करायची तर ती करणाऱ्यानं मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या दोन लागवड-हंगामांतला फरक आधी समजून घ्यावा.

कापसाला हीच युक्ती लावून पाहिली की सुरुवातीचं कोडं सुटतं. खानदेशातला पाऊस घटला, आवक घटली, पण भावाचा गुणक जवळपास शून्य यावा अशीच अपेक्षा. गंमत अशी की हे आपल्याकडे नेहमीच असं नव्हतं. १८६० च्या दशकात रेल्वे भुसावळपर्यंत आणि पुढे पोहोचली. त्याच दशकात, १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडची रुई मिळेनाशी झाली. मुंबईत कापसाचे भाव कडाडले, खानदेशात कापसाखालचं रान वाढलं, आणि युद्ध संपताच भाव कोसळले. ना त्या तेजीत खानदेशच्या पावसाचा हात होता ना मंदीत. ब्रिटिशकालीन रेल्वेवर अर्थशास्त्रज्ञ डेव्ह डोनाल्डसन यांनी मोठा अभ्यास केला आहे. रेल्वे पोहोचली तिथे दोन बाजारांतली भावांची तफावत घटली आणि स्थानिक पावसाचा स्थानिक भावावरचा प्रभावही घटला, असं त्यात दिसतं.

धान्याच्या बाबतीत ही चांगलीच गोष्ट होती, कारण दुष्काळी भागात बाहेरून धान्य येऊ शकलं. पण कापूस पिकवणाऱ्यासाठी त्याची दुसरी बाजू कडू आहे. पूर्वी पीक कमी आलं तर भाव थोडाफार सावरून घ्यायचा. आता ७,००० भावाला दहा क्विंटलचे ७०,००० होत असतील, तर सहा क्विंटलचे ४२,०००च होतात. भाव मदतीला येत नाही. केळीवाल्याचं वादळात नुकसान होतं, पण ज्याची बाग वाचली त्याला भाव मिळतो. कापूसवाल्यात वाचलेल्यालाही काही मिळत नाही. पीकविमा आणि हमीभाव यांची गरज दोन पिकांत सारखी नाही, हे या एका गुणकावरून कळतं.

शेतकऱ्याच्या मनातला भाव

आतापर्यंत पुरवठा म्हणजे आभाळातून पडलेली गोष्ट असल्यासारखं बोललो. पण लागवड माणूस करतो आणि ती करताना त्याच्या डोक्यात एक भाव असतो. अमेरिकेचे मार्क नर्लोव्ह यांनी १९५८ साली हा मनातला भाव समीकरणात आणला. यंदाचं क्षेत्र हे गेल्या काही वर्षांच्या भावांवर आणि गेल्या वर्षीच्या क्षेत्रावर अवलंबून असतं, असं त्यांचं मांडणं. गेल्या वर्षीचं क्षेत्र यासाठी की ठिबक अंथरलेली असते, मजूर बांधलेले असतात, रान एका दिवसात बदलत नाही. भारतात प्राध्यापक राज कृष्ण यांनी १९६३ साली जुन्या पंजाबच्या आकडेवारीवर हीच रीत वापरून दाखवलं की तिथला शेतकरी भावाप्रमाणे पेरा बदलत होता, आणि कापसात तर चांगलाच बदलत होता. आपला शेतकरी परंपरेला चिकटून असतो, त्याला भावाचं गणित कळत नाही, असं त्या काळी शहाणी माणसं सर्रास म्हणत. एका समीकरणानं त्या समजाला धक्का दिला. या शास्त्राबद्दल मला आदर वाटतो त्याचं हेही एक कारण.

मनातल्या भावाचं ताजं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. २०२१-२२ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ६,०२५ रुपये होता आणि बाजार दहा हजारांच्या वर गेला. मे २०२२ मध्ये न्यूयॉर्कला रुईनं पौंडाला १५० सेंट ओलांडले होते. पुढच्या हंगामात खानदेशात घराघरांत कापूस भरून ठेवला गेला. दहा हजार पुन्हा येतील ही आशा. उन्हाळा आला, ओसरीतल्या गंजीमुळे पोरांच्या अंगाला खाज सुटू लागली, आणि भाव मात्र आठ हजारांच्याही खाली उतरला. गेल्या वर्षीचा भाव डोक्यात धरून यंदाचा निर्णय घेणं म्हणजे काय, हे नर्लोव्ह यांच्या समीकरणात जसंच्या तसं लिहिलेलं आहे. जगातले साठे वाढताहेत, गिरण्यांकडून उठाव नाही, ही माहिती त्या निर्णयात आली असती तर किती फरक पडला असता, हेही प्रारूपातून काढता येतं.

देशाचं प्रारूप आणि आपलं शिवार

एका पिकासाठी एक समीकरण पुरतं. सबंध देशासाठी अनेक समीकरणं एकमेकांत गुंफावी लागतात. हे पहिल्यांदा केलं नेदरलँड्सच्या यान टिनबर्गेन यांनी, १९३६ साली, मंदीतून देश कसा बाहेर काढायचा या प्रश्नासाठी. लोकांचा खर्च, मजुरी, आयात, निर्यात, किमती अशी २४ समीकरणं, आणि एकाचं उत्तर दुसऱ्यात घातलं जाणारं. १९६९ साली अर्थशास्त्राचं पहिलंच नोबेल टिनबर्गेन आणि राग्नार फ्रिश यांना मिळालं. सुरुवातीला मात्र सगळेच मोठे लोक या पद्धतीवर खूश नव्हते. केन्ससारख्या अर्थतज्ज्ञानं टिनबर्गेन यांच्या पद्धतीवर कडक टीका केली होती.

आज रिझर्व्ह बँकही अशी प्रारूपं वापरते. महागाई चार टक्क्यांवर, दोन टक्के वर-खाली धरून, ठेवायची हे उद्दिष्ट २०१६ साली ठरलं. २०१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाण्यापिण्याच्या वस्तूंचं वजन जवळजवळ ४६ टक्के होतं. त्यामुळे कांदा आणि डाळ महागली की तो आकडा थेट राष्ट्रीय प्रारूपात शिरतो. मग व्याजदराचा निर्णय येतो, त्याचा रुपयाच्या दराशी संबंध, आणि रुपयाचा संबंध वर मांडलेल्या कापसाच्या हिशेबातल्या ५२ रुपयांशी. शिवाय सरकारचे निर्णय वेगळेच. डिसेंबर २०२३ मध्ये कांदा निर्यातबंदी आली ती मे २०२४ पर्यंत राहिली. साक्री-धुळ्याच्या कांदा उत्पादकाला ती बंदी ही गावावर पडलेली वीज वाटली. दिल्लीच्या प्रारूपात ती महागाईच्या समीकरणातली एक दुरुस्ती होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फक्त त्या प्रारूपात उत्पादकाच्या तोट्याचं समीकरण तितक्याच काळजीनं लिहिलं जातं का, हा प्रश्न आपण विचारत राहिला पाहिजे.

अमेरिकेचे अर्थतज्ज्ञ रॉबर्ट लुकास यांनी १९७६ साली या सगळ्या प्रारूपांना एक गंभीर इशारा दिला. जुने गुणक जुन्या नियमांच्या काळात वागलेल्या माणसांचे असतात, नियम बदलला की माणसं वेगळी वागू लागतात आणि गुणकही बदलतात. हे समजायला खानदेशासारखी जागा नाही. महाराष्ट्रात १९७२ पासून सुमारे तीन दशकं कापसाची एकाधिकार खरेदी होती. खासगी व्यापाऱ्याला कापूस विकता येत नसे, भाव सरकार ठरवी, आणि बाहेर भाव जास्त असला की माल रातोरात सीमा ओलांडून गुजरात-मध्य प्रदेशात जाई. त्या काळच्या नोंदींवरून समीकरण बसवलं तर जगाच्या भावाशी जळगावचं नातं फार सैल दिसेल. ते आजच्या निर्णयाला लावलं तर उत्तर साफ चुकेल. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि उताऱ्याचं समीकरणही बदललं. म्हणून कुणी तीस-चाळीस वर्षांची आकडेवारी सरसकट वापरली असं सांगितलं, तर मध्ये कुठे तुकडे पाडले, हे आधी विचारावं.

अलीकडचं उदाहरण तर सगळ्या अडचणी एकत्र दाखवतं. १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. हमीभाव ८,११० असताना बाजार त्याच्या बराच खाली राहिला. शुल्क काढलं म्हणूनच भाव पडला, असं म्हणणं सोपं आहे. पण २७ ऑगस्टपासून अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं, त्यामुळे कपड्यांच्या निर्यातदारांकडून उठाव कमी झाला. जगात रुई ६५ ते ७० सेंटच्या घरात स्वस्तच होती. सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं कापूस भिजला, प्रत घसरली, ओलाव्यापोटी होणारी कपात, म्हणजे कटती, वाढली. चार गोष्टी एकाच दोन महिन्यांत. नुसती आधीची आणि नंतरची तुलना केली तर चौघांचं पाप एकाच्या माथी जातं. म्हणून तुलनेसाठी अशी वस्तू शोधावी लागते जिला बाकीचे फटके बसले पण आयात शुल्काचा बदल लागू झाला नाही, आणि दोघींतला फरक पाहावा लागतो. हिशेबानं शुल्काचा वाटा जास्तीत जास्त पाचशे रुपये निघतो, हे वर पाहिलं. खरा आकडा त्याच्या आतला किती, यावरच नुकसानभरपाईची मागणी उभी राहू शकते. "भाव पाडला" या घोषणेपेक्षा "क्विंटलमागे इतके रुपये गेले" हे निवेदन दिल्लीत टेबलावर जास्त वेळ टिकतं.

आणि या सगळ्याच्या मुळाशी नोंदी आहेत. तिथे आपली बाजू कच्ची आहे. खानदेशात कापसाचा मोठा भाग खेडा खरेदीत जातो. व्यापारी गावात येतो, काटा लावतो, माल भरून नेतो. तो भाव बाजार समितीच्या वहीत येतच नाही. केळीतही जाहीर झालेला भाव एक आणि बागेत प्रत्यक्ष हातात पडलेला भाव दुसरा असतो. बाहेरचा अभ्यासक सरकारी संकेतस्थळावरचा सर्वसाधारण भाव उचलतो आणि त्यावर कितीही सुंदर समीकरण बसवतो, तरी त्यात रस्त्यावरचा अर्धा व्यवहार नसतो. शिवाय हमीभावानं कापूस घेणारी केंद्राची सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) ८ टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव देते, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात करते. वहीत ओलावा लिहिलेला नसेल तर दोन भावांची तुलनाच होत नाही.

प्रारूपाचा अंदाज कुणी दिला तर त्यातही एकच आकडा असेल तर तो पुरेसा मानू नये. मार्चमध्ये ७,२०० भाव असेल, हे अपुरं वाक्य आहे. दहापैकी आठ वेळा ६,५०० ते ७,९०० च्या दरम्यान, हे पुरं वाक्य. ज्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज मार्चअखेर भरायचं आहे, त्याला ७,२०० पेक्षा ६,५०० हा आकडा जास्त महत्त्वाचा. कर्जापुरता माल आधी विकून बाकीचा ठेवायचा की नाही, हे त्या खालच्या टोकावरून ठरतं.

शेतकरी उत्पादक कंपन्या आता तालुक्या-तालुक्यात आहेत. त्यांनी सभासदांच्या विक्रीची एक वही ठेवली तरी तीन-चार हंगामांत वापरण्याजोगी आकडेवारी उभी राहील. तारीख, गाव, खेडा खरेदी की जिनिंग की सीसीआय, पहिली वेचणी की कवडी, ओलावा, कटती किती कापली, हातात पडलेला भाव. आणि पैसे किती दिवसांनी मिळाले, हा रकाना विसरू नये, कारण महिनाभराच्या उधारीवरचे ७,००० आणि रोखीचे ६,९५० यांतला कोणता भाव खरा जास्त, हे त्या रकान्याशिवाय कळत नाही.